दोन दिवस उभी राहिली की व्हॅनची बॅटरी उतरते: दोष कुठे आणि कसा शोधावा

मालवाहू व्हॅनमध्ये रॅक, जादा दिवे, इन्व्हर्टर आणि हत्यारांचे चार्जर बसवून घेतले की काही आठवड्यांनी एक तक्रार हमखास डोके वर काढते. गाडी रोज धावत असते तोवर काहीच जाणवत नाही. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी मात्र किल्ली फिरवताच नुसती टकटक करते, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि सेल्फ लागत नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून ती सुरू केली की पुढे पंधरा-वीस दिवस सगळे सुरळीत चालते, आणि म्हणूनच हे दुखणे बराच काळ अंगावर काढले जाते.

माझ्या व्हॅनमध्ये हा प्रकार आठ महिन्यांत पाच वेळा घडला. त्या अवधीत मी एक बॅटरी बदलली, इंजिनावर चालून बॅटरी भरणारा अल्टरनेटर उतरवून तपासून घेतला (तो निर्दोष निघाला), आणि नवी बॅटरीही तिसऱ्या महिन्यात तशीच उतरली तेव्हा कुठे व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारा मल्टीमीटर घेऊन बसलो. सुरुवात तिथूनच करायला हवी होती. या तक्रारीत बॅटरी बहुतेक वेळा मार खात असते, मारणारा दुसराच कोणीतरी असतो. आणि तो बहुधा आपणच हौसेने बसवलेल्या सामानात दडलेला असतो.

आधी बॅटरी आणि चार्जिंग यांवरचा संशय दूर करावा

बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी, नंतर तिला काही तास तशीच राहू द्यावे आणि मग व्होल्टेज मोजावे. चार्जर काढल्याबरोबर मोजलेला आकडा फसवा असतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज ओसरायला वेळ लागतो. १२ व्होल्टच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत विसावलेल्या अवस्थेतले १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. इंजिन चालू असताना हाच आकडा सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवा. मात्र अलीकडच्या ज्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवतो, त्यांत बॅटरी भरलेली असताना ते मुद्दाम साडेबारापर्यंत खाली आणले जाते आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर एकदम वर नेले जाते. अशा गाडीत एकदाच मोजून अल्टरनेटर बाद ठरवू नये. हेडलाइट आणि पंखा लावून, काही मिनिटे थांबून पुन्हा मोजावे.

यानंतरची चाचणी इतकी सोपी आहे की ती कोणीही करू शकतो, तरी फारसे कोणी करत नाही. बॅटरी पूर्ण भरावी, ऋण टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवावे आणि गाडी दोन दिवस तशीच उभी ठेवावी. दोन दिवसांनी व्होल्टेज जवळपास होते तिथेच असेल, तर बॅटरी धरून ठेवते आहे आणि वीज गाडी खाते आहे, हे निःसंशय सिद्ध होते. टर्मिनल जोडलेले नसतानाही बॅटरी उतरली, तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही, ती बदलावी. टर्मिनल सोडवताना आधी ऋण आणि जोडताना शेवटी ऋण, हा क्रम पाळावा, म्हणजे धन टर्मिनलवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही.

आकडेमोड

झोपलेली गाडीसुद्धा थोडी वीज घेतेच. घड्याळ, लॉकचा रिसीव्हर आणि संगणकाची स्मृती यांसाठी २० ते ५० मिलिअँपिअर हे प्रमाण सामान्य मानले जाते. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर यायला महिना लागेल. पण तीच ओढ १ अँपिअर झाली, तर शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी आठ या ३८ तासांत ३८ अँपिअर-तास निघून जातात. त्यातही शनिवारी बॅटरी पूर्ण भरलेली असेलच असे नाही. दिवसभर थांबत थांबत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी क्वचितच काठोकाठ भरते, कारण लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच काही तास लागतात.

यात आणखी एक फसवणूक आहे. सेल्फ मारण्याच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. त्या क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेल्या असतात, तळापर्यंत रिकामे होणे त्यांना मानवत नाही. चार-पाच वेळा पूर्ण उतरलेल्या आणि तशाच पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. त्यामुळे तपासणीच्या यंत्रावर ती खरोखरच ‘खराब’ दिसते, दुकानदार प्रामाणिकपणे नवी घ्यायला सांगतो, नवी बॅटरी काही महिने तो भार सोसते, आणि मालकाला दोष मिटल्यासारखे वाटते. मी या चक्रात एक पूर्ण फेरा घातला आहे.

झोपलेल्या गाडीचा प्रवाह मोजणे

मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत तार घालून बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि ऋण केबल यांच्या मधोमध जोडायचा असतो. तो जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, दिवे लावू नयेत. सेल्फचा प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो आणि मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो. केबल काढण्यापूर्वी चिमटे असलेली एक जाड तार टर्मिनल आणि केबल यांना समांतर लावून ठेवावी, मीटर जोडून झाल्यावर ती काढावी. असे केल्याने गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही, सगळे संगणक दचकून जागे होत नाहीत आणि रेडिओची मांडणीही पुसली जात नाही. तार न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा पकडायचा क्लँप मीटर वापरणार असाल, तर तो एकदिश (डीसी) प्रवाह मोजणारा आहे ना, हे पाहावे. विजेच्या कामासाठी घेतलेले बरेच क्लँप मीटर फक्त घरगुती प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह मोजतात आणि इथे शून्य दाखवून दिशाभूल करतात.

मोजण्यातली सर्वांत मोठी चूक घाईची असते. पहिल्यांदा मीटर लावला तेव्हा त्यावर ४ अँपिअरच्या वरचा आकडा दिसला आणि दोष सापडल्याच्या आनंदात मी तासभर नको ते फ्यूज उपसत बसलो. गाडी जागी होती, एवढेच त्याचे कारण. दरवाजा उघडला, बॉनेट उचलले, रिमोटचे बटण दाबले की अनेक नियंत्रक उठून बसतात आणि त्यांना पुन्हा झोपायला गाडीनुसार वीस मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. म्हणून बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद झाल्याचा भास निर्माण करावा, बाकीचे दरवाजे लावावेत, गाडी लॉक करावी, किल्ली दूर ठेवावी आणि चहा घेऊन यावा. माझ्या गाडीचा आकडा पस्तीस मिनिटांनी ०.५९ अँपिअरवर येऊन स्थिरावला. अपेक्षेपेक्षा तो दहा पटींहून अधिक होता.

आता एकेक शाखा तोडायची. मूळ गाडीच्या फ्यूजना हात लावण्याआधी स्वतः जोडलेल्या गोष्टी तोडाव्यात, कारण कारखान्यातून आलेली गाडी आधी नीट चालत होती. मूळ फ्यूजपेटीपर्यंत जावेच लागले, तर फ्यूज उपटण्याऐवजी त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मल्टीमीटर मिलिव्होल्टमध्ये टेकवावा. प्रवाह वाहत असेल, तर तिथे थोडासा व्होल्टेज दिसतो आणि नसेल तर शून्य. अशाने झोपलेले काही जागे होत नाही.

माझ्याकडे इन्व्हर्टरचा मुख्य फ्यूज काढताच आकडा ०.५९ वरून ०.०४ वर घसरला. इन्व्हर्टरला काहीही जोडलेले नव्हते, पण त्याचे बटण चालू होते, आणि नुसते चालू राहण्यासाठीच तो अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह घेत होता. रॅकमागे बसवलेल्या इन्व्हर्टरचे बटण रोज रात्री वाकून बंद करणे कोणाकडून होते? त्याला दूरनियंत्रणाचा खटका जोडून तो चालकाच्या दरवाज्याजवळ आणला. काम झाले, असे मी धरून चाललो.

तीन आठवड्यांनी गाडी चार दिवस सलग उभी राहिली आणि बॅटरी पुन्हा उतरली.

कधी असणारा, कधी नसणारा दोष

या वेळी मोजले तर ०.०४ अँपिअर. पुन्हा मोजले, तेच. मीटर खोटे बोलत नव्हता; मी मोजत होतो तेव्हा दोष हजर नव्हता. अशा वेळी मोजण्याआधी गाडी नेहमी जशी वापरली जाते तशी वापरून पाहावी लागते: प्रत्येक दरवाजा उघडावा, कधी जोरात तर कधी हलक्या हाताने लावावा, मग वाट पाहून पुन्हा मोजावे. आणखी एक सोपी युक्ती अशी की मोबाइलचे चित्रीकरण चालू करून तो मालाच्या भागात उभा ठेवावा आणि सगळे दरवाजे लावून बाहेर थांबावे.

तिसऱ्या चित्रणात मला उत्तर दिसले. मागचा दरवाजा बंद झाला, मूळचा छतदिवा काही वेळाने विझला, आणि काळोखात वरच्या रॅकच्या पोटाखाली मी लावलेली एलईडीची पट्टी शांतपणे जळत राहिली. ती चालकाच्या जागेवरून दिसत नव्हती आणि मागे खिडकी नव्हती. पट्टीचा खटका दरवाज्याच्या चौकटीत होता, दांडी आत दाबली गेली की दिवा बंद करणारा. दरवाज्याच्या आतून लावलेल्या प्लायवूडच्या कडेला मी रबर चिकटवले होते आणि ते कोपऱ्यात किंचित फुगले होते. दरवाजा आपटून लावला तर दांडी पुरती दाबली जाई, हळू लावला तर दोन मिलिमीटर बाहेर राही. पट्टी ५ वॅटची, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर.

आता आठ महिन्यांत फक्त पाचच वेळा का, याचाही उलगडा झाला. एकट्या इन्व्हर्टरने ३८ तासांत सुमारे २२ अँपिअर-तास जात. पाऊण भरलेल्या ७० च्या बॅटरीत तरीही ३० उरत आणि गाडी कुरकुरत का होईना, सुरू होई. एकट्या दिव्याने तर त्याहून कमी जात. ज्या शनिवारी इन्व्हर्टर चालू राहिला आणि दरवाजाही हळू लागला, त्याच सोमवारी गाडी अडली. प्रत्येक दोष सोसण्याजोगा असला आणि त्यांची बेरीज सोसण्यापलीकडची असली, की पहिला सापडल्यावर शोध थांबवण्याचा मोह फार होतो. म्हणून एक दोष मिटवल्यावर पुन्हा मोजावे, आणि ते किमान तीन वेगवेगळ्या दिवशी. पट्टीसाठी मी दांडीऐवजी चुंबकी खटका लावला आणि पुरवठ्यात वीस मिनिटांनी आपोआप तोडणारा टायमर टाकला. खटका पुन्हा फसला तरी नुकसान वीस मिनिटांचेच होईल.

इतर ठिकाणे, जिथे पाहायला हवे

बाजूच्या पत्र्यावर प्लायवूड लावणाऱ्या प्रत्येकाने आपले स्क्रू एकदा तपासावेत. माझ्या परिचयातल्या एका व्हॅनमध्ये २५ मिलिमीटरच्या स्क्रूचे टोक खांबाच्या पोकळीतून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात शिरले होते. आवरण फक्त खरवडले गेले होते, तांब्याचा एक धागा चमकत होता, आणि रॅक भरलेला असताना प्लाय दबली की स्क्रू त्या धाग्याला टेके. मोकळ्या गाडीत हा दोष सात जन्मांत सापडला नसता. स्क्रूची लांबी प्लायची जाडी आणि पत्रा धरण्यापुरतीच ठेवावी, आणि भोक पाडण्याआधी पोकळीत काय आहे, हे जवळच्या झाकणातून टॉर्च टाकून पाहावे.

सरकत्या आणि मागच्या दरवाज्यांच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी रोजच्या उघडझाकीने पिचतात. तिथे एखादी तुटली, तर दरवाजा उघडाच आहे असे गाडीला वाटत राहते आणि ती झोपतच नाही. जादा रिलेचे, म्हणजे विजेने उघडझाक होणाऱ्या खटक्याचे, संपर्क जळून चिकटतात. किल्ली काढल्यावर त्याची ‘टक्’ ऐकू येते की नाही, हे बोट ठेवून पाहावे, आणि आवाज आला तरी रिलेच्या ८७ क्रमांकाच्या, म्हणजे उपकरणाकडे वीज नेणाऱ्या पायावर व्होल्टेज उरले नाही ना, हे मोजावे. डॅशकॅमचा पार्किंग मोड, मागोवा घेणारे यंत्र, तसेच निदानाच्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवलेला ब्लूटूथ अडॅप्टर यांकडेही लक्ष द्यावे. शेवटचा तर स्वतः फार कमी वीज घेतो, पण काही गाड्यांना झोपू देत नाही.

दुसरी बॅटरी असलेल्या गाड्या

उपकरणांसाठी वेगळी बॅटरी आणि मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले ही जुनी, स्वस्त आणि साध्या अल्टरनेटरवर उत्तम चालणारी रचना आहे. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेले की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. हे आकडे रिलेगणिक थोडे बदलतात. संगणकनियंत्रित अल्टरनेटरवर मात्र ही रचना गडबडते: गाडी धावत असतानाच व्होल्टेज खाली आणले जाते, रिले सुटतो, आणि दुसरी बॅटरी दिवसभराच्या फेरीनंतरही अर्धपोटीच राहते.

दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल, तर याच्या उलट विपरीत घडते. भरलेल्या अशा बॅटरीचे विसावलेले व्होल्टेजच १३.२ ते १३.४ असते, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावरही रिलेला १२.८ लवकर दिसतच नाही आणि तो जोडलेलाच राहतो. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर समांतर राहतात, उपकरणे दोन्हींतून वीज ओढतात, आणि तोडण्याची वेळ येईपर्यंत बराच साठा गेलेला असतो. दोन्ही प्रकारांवर इलाज एकच आहे: रिले काढून डीसी ते डीसी चार्जर (मुख्य बाजूची वीज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवे ते व्होल्टेज देणारे यंत्र) बसवणे, आणि त्याला इंजिन चालू असल्याची खूण देणारी वायर खरोखरच इंजिनाशी बांधलेल्या फ्यूजवरून घेणे. ती वायर कायम जिवंत असलेल्या फ्यूजवर जोडली, तर चार्जर उभ्या गाडीत मुख्य बॅटरी उपसून दुसरीत भरत बसतो. चार्जरच्या नावाखाली होणारी ही गळती मी दोन गाड्यांत पाहिली आहे. शिवाय लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते, तेव्हा तसे संरक्षण तिच्यात आहे की नाही, हे घेतानाच पाहावे.

चार्ज पोहोचतच नसेल तर

गळती नसूनही दुसरी बॅटरी भरत नसेल, तर केबल बारीक असण्याची शक्यता मोठी. बॅटरीपासून मागच्या भागापर्यंत ५ मीटर अंतर असेल, तर जाण्यायेण्याची लांबी १० मीटर होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून १५ अँपिअर वाहताना या लांबीत सुमारे ०.६६ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर ०.२६ वर निभावते. चार्जिंगच्या बाबतीत अर्धा व्होल्ट ही क्षुल्लक गोष्ट नाही.

अर्थिंगकडे तर सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तारेच्या टोकाचा धातूचा लग रंगावरच स्क्रूने दाबलेला असतो, सुरुवातीला काम भागते आणि ओल लागली की वर्षभरात खाली गंज धरतो. भार चालू ठेवून बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि उपकरणाचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावे; ०.२ च्या वर काही दिसले, तर जोड उघडावा, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासावा, दातेरी वायसर घालून आवळावा आणि वरून गंजरोधक लावावे. ज्या गाडीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, तिथे जादा उपकरणांची ऋण तार थेट टर्मिनलवर न जोडता बॉडीवर जोडावी. टर्मिनलवर जोडली, तर ती वीज सेन्सरला वगळून जाते, गाडीच्या संगणकाला बॅटरी भरलेली वाटते आणि तो चार्जिंग कमी करतो.

प्रत्येक जादा केबलचा फ्यूज उपकरणाशी नव्हे, तर बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, वीतभराच्या आत असावा, आणि त्याचे मूल्य केबल किती सोसते यावरून ठरवावे.

सगळे दोष काढल्यावर मी जादा उपकरणांच्या शाखेवर एक कट-ऑफ बसवला आहे, जो व्होल्टेज १२.२ च्या खाली काही मिनिटे राहिले की दिवे आणि चार्जर तोडतो. म्हणजे विसरभोळेपणा झाला तरी सेल्फपुरता साठा उरतो. इन्व्हर्टर मात्र या कट-ऑफच्या पलीकडे वेगळा ठेवावा लागतो. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १२ व्होल्टवर ९० अँपिअरहून अधिक ओढतो, आणि तीस-चाळीस अँपिअरसाठी बनवलेल्या कट-ऑफमधून तो चालवला तर त्यातले संपर्क पहिल्याच मोठ्या कामात चिकटतात आणि मग तो कधीच काही तोडत नाही. इन्व्हर्टरची मुख्य केबल स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर न्यावी आणि कट-ऑफच्या मागून फक्त त्याच्या दूरनियंत्रणाची बारीक वायर घ्यावी, म्हणजे व्होल्टेज उतरले की तोही बाकीच्यांबरोबर बंद होतो.